दहा मायक्रोहेन्री

इंडक्टरवर '१००' असं छापलेलं असलं तर त्याचा अर्थ शंभर नसतो. पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसरा आकडा म्हणजे त्यांच्यापुढे किती शून्यं द्यायची ते. इथे तिसरा आकडा शून्य, म्हणजे पुढे काहीच नाही. दहा मायक्रोहेन्री. शंभर हवे असतील तर '१०१' छापतात. एवढं कोडं सुटलं की इंडक्टर कळला असं पुष्कळांना वाटतं. खरेदी विभागातल्या माणसाच्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना असतो, त्यात 'दहा मायक्रोहेन्री' लिहिलेलं असतं, आणि बाजारात दहा मायक्रोहेन्रीचे ढिगाने इंडक्टर मिळतात. मग स्वस्त कुठला, एवढाच प्रश्न उरतो.

माझं रोजचं काम वेगळं. पदवी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची असली तरी मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत फर्मवेअर लिहिते. म्हणजे असं सॉफ्टवेअर, जे सर्व्हरवर किंवा फोनवर नाही तर नखाएवढ्या चिपमध्ये राहतं. आमच्या जगात वीज हा गृहीत धरायचा विषय असतो. जमीन असते, आकाश असतं, तसे ३.३ व्होल्ट असतात. ते कुठून येतात हे विचारायची वेळ गेल्या दोन-तीन वर्षांपर्यंत माझ्यावर आली नव्हती.

ते येतात बहुतेक वेळा एका स्विचिंग कन्व्हर्टरमधून. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्यात असे अनेक कन्व्हर्टर आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा एक इंडक्टर बसलेला आहे. वायफायच्या राउटरमध्ये, लॅपटॉपच्या मदरबोर्डवर, गाडीतल्या यूएसबी चार्जरमध्येही तो आहे. काम एकच. समजा बॅटरी १२ व्होल्टची आहे आणि आपल्याला हवेत ४. जुनी पद्धत म्हणजे वरचे ८ व्होल्ट जाळून टाकायचे. बॅटरीतून तीन भाग शक्ती निघाली की दोन भागांची नुसती उष्णता. नवी पद्धत जाळत नाही. ती १२ व्होल्टचा स्विच सेकंदाला पाच लाख वेळा चालू-बंद करते, एकतृतीयांश वेळ चालू आणि दोनतृतीयांश वेळ बंद. सरासरी झाली चार.

पण चिपला सरासरी चालत नाही, तिला सतत चार व्होल्ट लागतात. इथे इंडक्टर येतो. पायमशीन आठवा, शिवणाचं. पाय पायपट्टीवर जोर देतो तो प्रत्येक फेरीत थोडाच वेळ. उरलेला वेळ सुई कशामुळे चालते? चाकाच्या वजनामुळे. पायाने दिलेला जोर चाक साठवतं आणि पाय थांबला की परत करतं. इंडक्टर म्हणजे ते जड चाक. स्विच चालू असताना त्यातला करंट चढतो, बंद असताना उतरतो, पण तुटत नाही. करंट एकदम बदलायला तो तयारच नसतो. जोसेफ हेन्री या अमेरिकन शिक्षकाने १८३२ साली हेच लिहून ठेवलंय, की लांब तारेची गुंडाळी असलेलं सर्किट तोडलं की ठिणगी जास्त मोठी पडते. त्याच्या नावाने पुढे हेन्री हे एकक आलं. आपल्या बोर्डावरचे दहा मायक्रोहेन्री म्हणजे त्या एककाचा एक लाखावा भाग.

आता आमची डबी. आम्ही द्राक्षबागांसाठी एक यंत्र बनवतो. लोखंडी खांबावर एक करडी डबी, वर सोलर पॅनेल, आत १२ व्होल्टची बॅटरी. हवेचं तापमान, आर्द्रता, पाऊस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान किती वेळ ओलं राहिलं, हे मोजून डबी दर अर्ध्या तासाने मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. पानावर पाणी टिकलं की डावणीला रान मोकळं मिळतं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असते, परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, आणि फवारणी करायची की थांबायचं हा निर्णय बागायतदाराला रोज घ्यावा लागतो. औषध, ट्रॅक्टर, मजुरी, सगळ्याला पैसे पडतात. न फवारता डावणी आली तर मग घडच जातात.

ऑक्टोबरमध्ये निफाड आणि दिंडोरीकडच्या काही डब्या दुपारी गप्प व्हायला लागल्या. अकराच्या सुमारास शेवटचा निरोप यायचा, मग थेट संध्याकाळी पाच-साडेपाचला. रात्रभर व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्यांनी ही तारीख-वेळ जवळून बघितली आहे त्यांना कळेल की परतीचा पाऊस नेमका याच वेळात येतो. सकाळी उकाडा, दुपारी ढग, चारला धो धो. डबी ज्या वेळेसाठी लावली त्याच वेळेत मुकी. एका बागायतदार काकांनी फोनवर सांगितलं, "ताई, मशीनचं काय व्हायचं ते होऊ द्या, पाऊस झाला तेव्हा पान किती वेळ ओलं होतं तेवढं सांगा." तेवढंच आमच्याकडे नव्हतं. त्यांनी अंदाजाने दोनदा फवारलं.

यंत्र बंद पडलं की दोष सॉफ्टवेअरचा, असं आमच्या धंद्यात धरूनच चालतात. त्याला कारणही आहे, बहुतेक वेळा तो असतोच. त्यामुळे पहिला आठवडा सगळ्या मीटिंगमध्ये माझ्याकडे बघत गेला. पण मायक्रोकंट्रोलरमध्ये एक छोटीशी नोंद असते: मागच्या वेळी मी का रिसेट झालो? कोड अडकला म्हणून, कुणी बटण दाबलं म्हणून, की वीज कमी पडली म्हणून. सगळ्या गप्प डब्यांची नोंद एकच होती. वीज कमी पडली. आणि ती प्रत्येक वेळी मोडेम निरोप पाठवायला लागल्यावर पाचव्या-सहाव्या सेकंदाला.

मोडेम टू-जीचा. तो सलग बोलत नाही, ठोके देत बोलतो. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एकदा, ०.५७७ मिलिसेकंदांपुरता. टॉवर लांब असेल तर त्या ठोक्यात तो जवळजवळ २ अँपिअर ओढतो आणि मधल्या वेळात किरकोळ. लहानपणी कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ मोबाइल ठेवला की फोन वाजायच्या आधी स्पीकरमधून टिर्रटिर्र, टिर्रटिर्र असा आवाज यायचा, आठवतंय? तो हाच ठोका. सेकंदाला सुमारे २१७. ऑफिस शहरात, टॉवर समोरच्या इमारतीवर, त्यामुळे आमच्या टेबलावर मोडेम कधी ओरडून बोलतच नव्हता. बागेत त्याला ओरडावं लागत होतं.

हार्डवेअर बघणाऱ्या मॅडमनी बोर्ड टेबलावर घेतला, इंडक्टरचं एक पाय सोडवून मध्ये तारेचा छोटा फास घातला, त्यावर करंट प्रोब अडकवला आणि मला केस वाळवायचा ड्रायर आणायला सांगितला. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर इंडक्टरमधला करंट दिसतो तो त्रिकोणांच्या रांगेसारखा. सरळ चढण, सरळ उतार. चढणीचा हिशोब दहावीच्या मुलालाही जमेल. इंडक्टरच्या दोन टोकांमधले आठ व्होल्ट भागिले दहा मायक्रोहेन्री, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला ०.८ अँपिअर. स्विच चालू असतो ०.६७ मायक्रोसेकंद. म्हणजे चढण साधारण ०.५३ अँपिअरची. सरासरी २ असेल तर शिखर २.२७ वर.

मोडेमच्या जागी आम्ही तसाच ठोके देणारा लोड लावला होता. थंड बोर्डावर त्रिकोणांची टोकं किंचित वाकलेली होती, तिकडे आधी माझं लक्षही गेलं नाही. ड्रायर लावला. दोन मिनिटांत प्रत्येक त्रिकोण वरच्या टोकाला काट्यासारखा वर उसळायला लागला. चढण अर्ध्यापर्यंत सरळ, आणि मग एकदम उभी. कन्व्हर्टरच्या चिपला स्वतःची मर्यादा असते, आमच्या चिपची ३.२ अँपिअर. काटा तिथे पोचला की चिप तो ठोका मध्येच तोडते, कारण तिला वाटतं कुठेतरी शॉर्ट झालंय. ठोके तुटले की बाहेर पुरेसा करंट जात नाही, चार व्होल्टचे साडेतीन होतात, तीन होतात, आणि त्याच चार व्होल्टमधून वीज घेणारा माझा मायक्रोकंट्रोलर मान टाकतो.

पायमशीनचं जड चाक वेगात फिरता फिरता अचानक पुठ्ठ्याचं झालं तर जे होईल, ते हे.

याला सॅच्युरेशन म्हणतात, मराठी पुस्तकात संपृक्तता. इंडक्टरच्या तारेच्या आत जो गाभा असतो, त्यात लाखो चिमुकली चुंबकं असतात असं समजा. करंट वाढतो तशी ती एकेक करून एका दिशेला वळतात, आणि वळायला लागणाऱ्या त्या कामामुळेच करंटला विरोध होतो. सगळी वळून झाली की वळायला कुणी उरत नाही. मग गाभा असून नसल्यासारखा. नुसती तार. शाळेत साखरेच्या संपृक्त द्रावणाचा प्रयोग केलेला असतो, तसंच. फक्त साखर गरम पाण्यात जास्त विरघळते आणि फेराइटचं उलटं असतं. साध्या पॉवर फेराइटला २५ अंशांवर साधारण अर्धा टेस्ला झेपतो, १०० अंशांवर ०.४ च्या आसपास. ऑक्टोबरच्या दुपारी डबीच्या आत आम्ही ६१ अंश मोजले.

मूळ डिझाइनमध्ये मॅडमनी निवडलेला इंडक्टर वेगळाच होता. त्या वर्षी जगभर पार्टांचा तुटवडा होता, मूळ पार्टाला चाळीस आठवडे सांगितले होते, आणि खरेदीने 'तसाच' दुसरा घेतला. दहा मायक्रोहेन्री. लांबी-रुंदी तीच. नऊ रुपये स्वस्त. करंट २.६ अँपिअर, म्हणजे आपल्या २.२७ पेक्षा जास्तच. कागदावर कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

फक्त तो २.६ कुठला, हे कुणी विचारलं नाही. इंडक्टरच्या डेटाशीटवर करंटचे दोन आकडे असतात. एक उष्णतेचा: इतका करंट सतत सोडला तर इंडक्टर स्वतः अमुक अंशांनी तापेल, बहुतेक जण चाळीस अंश धरतात. दुसरा संपृक्ततेचा: इतक्या करंटला मूळ दहा मायक्रोहेन्रीतले अमुक टक्के गळालेले असतील. हे 'अमुक टक्के' प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कुणी दहा म्हणतं, कुणी वीस, कुणी तीस. दोन कंपन्यांच्या पार्टांवर सारखाच आकडा लिहिलेला असला तरी एक इमानदार असू शकतो आणि दुसरा उदार. आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात यातला कुठला छापायचा? जो मोठा असेल तो. त्या स्वस्त इंडक्टरचा उष्णतेचा आकडा २.६ होता. संपृक्ततेचा दुसऱ्या पानावर, तक्त्यात: २.१ अँपिअर, तीस टक्के घट, २५ अंशांवर.

यातली गंमत अशी की आमच्या डबीला उष्णतेच्या आकड्याशी काही देणंघेणंच नव्हतं. दोन अँपिअर ओढायचे ते आठांतला एक भाग वेळ. तापण्याच्या हिशोबात तो करंट जेमतेम ०.७ अँपिअरइतका भरतो. तारेला काही कळतही नाही. पण गाभ्याला सरासरी माहीत नसते. तो एका मायक्रोसेकंदाच्या आत भरतो. मला इंडक्टर आवडायला लागला तो इथे. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा सरासरी लोड बघून निवांत असतो आणि वेबसाइट कोसळते ती तिकीटविक्री सुरू झाल्याच्या पहिल्या मिनिटात. हे मला पाठ होतं. तारेच्या गुंडाळीतही तेच घडत असेल हे नवीन होतं.

मग आला सोपा उपाय. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, फर्मवेअरमध्येच करून टाकू ना. दुपारी अकरा ते पाच निरोप पाठवायचेच नाहीत, साठवून ठेवायचे, रात्री पाठवायचे. नवीन पार्ट नको, बोर्ड परत मागवायला नकोत, एक अपडेट पाठवला की झालं. आमच्या क्षेत्रात असे उपाय फार लोकप्रिय असतात, आणि लिहायला मला अर्धा दिवस लागला असता. मी नाही म्हणाले. चारला पाऊस पडतो, पाचला काकांना ठरवायचं असतं. रात्री नऊला आलेला चारचा आकडा हा इतिहास झाला. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण मीटिंगनंतर त्यांनी नवीन इंडक्टर निवडायला मला शेजारी बसवून घेतलं. मधे दिवाळी आली आणि एक नादुरुस्त बोर्ड पिशवीत टाकून मी नाशिकला घरी गेले.

माझ्या आईने चौदा वर्षं अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये चोक भरले. ट्यूबलाइटचा चोक, काळा, लांबट, पाऊण-एक किलोचा. 'चोक गेलाय' हे वाक्य ज्या घरांत कधी बोललं गेलं नाही अशी घरं त्या काळात नसतील. चोक म्हणजे इंडक्टरच, हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकले आणि घरी येऊन तिला सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "असेल." या वेळी मी तिला बोर्ड दाखवला, बोटाने तो सहा मिलिमीटरचा काळा चौकोन दाखवला आणि काय बिघडलंय ते सांगितलं: आई, कॉइल तापली की लवकर भरते आणि मग काम करत नाही.

तिने विचारलं, "कागद किती घातलाय?"

ती सुरुवातीला बॉबिनवर तार भरायची, पण नंतरची सात-आठ वर्षं ती टेस्टिंगच्या टेबलावर होती. चोकच्या पट्ट्या दोन भागांत येतात आणि ते भाग एकमेकांना चिकटवून चालत नाही, मध्ये फट ठेवावी लागते. त्या फटीत कागद घालतात. खरी नळी लावायची, मीटर लावायचा, बटण दाबायचं. ४० वॅटच्या नळीला ०.४३ अँपिअर जायला हवा. काटा वर गेला तर कागद जाड झाला, एक घडी काढायची. काटा खाली राहिला आणि नळी मंद जळली तर कागद पातळ. दिवसाला शेकडो चोक तिच्या हाताखालून जायचे. फट वाढली की इंडक्टन्स कमी होतो आणि करंट जास्त जातो, हे तिने या शब्दांत कधी म्हटलं नाही. कागद एकदा विसरला गेला तर चोक कसा गुणगुणतो ते मात्र तिने मला तोंडाने करून दाखवलं.

पाठ्यपुस्तकात हे अर्ध्या पानात उरकतात, आणि इंडक्टर निवडताना हेच अर्धं पान कामाला येतं. लोखंडातून किंवा फेराइटमधून चुंबकत्व इतकं सहज वाहतं की तिथे ऊर्जा साठतच नाही म्हटलं तरी चालेल. ऊर्जा साठते ती फटीत. त्या रिकाम्या जागेत. गाभ्याचं काम चुंबकत्व फटीपर्यंत आणून सोडायचं. फट मोठी केली की गाभा उशिरा भरतो, पण तेवढेच मायक्रोहेन्री मिळवायला तारेचे वेढे जास्त द्यावे लागतात. जास्त वेढे त्याच जागेत बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते. तार बारीक केली की रोध वाढतो, बॅटरी जळते. कुठल्याही बाजूने गेलं तरी कुणीतरी पैसे भरतंच. 'मोठ्यातला मोठा इंडक्टर घेऊन टाका ना' असं म्हणणाऱ्याला हेच उत्तर आहे. त्याच मापात दहाऐवजी बावीस मायक्रोहेन्री घेतला असता तर लहर अर्ध्याहून कमी झाली असती, त्रिकोण गोजिरवाणे दिसले असते, आणि तो आधीपेक्षाही लवकर भरला असता.

आईचं काम २०१७ साली बंद झालं. आधी इलेक्ट्रॉनिक चोक आले, मग २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी दिवे घराघरांत गेले. एलईडीच्या नळीत चोक नसतो. असतो तो स्विचिंग कन्व्हर्टर, आणि त्यात बोराएवढी एक गुंडाळी. चोक ५० हर्ट्झवर चालायचा, सेकंदाला पन्नास हेलकावे. आमचा कन्व्हर्टर पाच लाखांवर चालतो, दहा हजार पट वेगाने. हेलकावा जितका छोटा तितकी त्यात साठवायची ऊर्जा थोडी, म्हणून जिथे एक किलो लोखंड-तांबं लागायचं तिथे आता ग्रॅमभरही लागत नाही. बागेतल्या आमच्या इंडक्टरमध्ये शिखरावर असताना साठलेली ऊर्जा भरते २६ मायक्रोजूल. ज्या सर्किटामुळे तिचं टेबल गेलं त्याच सर्किटाचा पगार मी घेते. हे आमच्यात कधी बोललं गेलेलं नाही आणि यापुढेही बोललं जाईल असं वाटत नाही. वर्कशॉपच्या मालकांनी नंतर तिथे पाण्याच्या टाक्यांचं दुकान काढलं.

पाच लाखांच्या वेगाला लोखंडाच्या पट्ट्या चालत नाहीत, त्यांच्यातच भोवऱ्यासारखे करंट फिरून त्या तापतात. म्हणून फेराइट. लोहाच्या आणि इतर धातूंच्या ऑक्साइडची भाजलेली माती, जवळपास चिनीमातीच. १९३० मध्ये टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी ते शोधलं आणि ते बनवून विकायला १९३५ मध्ये एक कंपनी निघाली. तिचं नाव टीडीके. हो, कॅसेटवालीच. आमच्या कपाटात अजून टीडीकेच्या चार कॅसेट आहेत, लग्नातल्या सनईच्या.

पुण्याला परतल्यावर मॅडमनी तीन पार्ट काढून ठेवले होते. पहिला फेराइटचाच पण मोठा, आठ मिलिमीटरचा. चांगला होता, पण बोर्डावर जागा नव्हती. दुसरा विनाकवचाचा, स्वस्त, भरपूर करंट झेलणारा. त्याची फट उघडी असते आणि चुंबकत्व आजूबाजूला सांडतं. शेजारी अँटेना असताना ते नको. तिसरा मोल्डेड. यात भाजलेली माती नसते, धातूची बारीक पूड आणि चिकटवणारं रसायन तारेभोवती दाबून भरलेलं असतं. प्रत्येक कणाभोवती पातळ आवरण, म्हणजे फट एका जागी नाही, पुडीत सगळीकडे विखुरलेली. असा इंडक्टर भरतो तेव्हाही हळूहळू भरतो. दहाचे नऊ होतात, आठ होतात, सात होतात, कडा येत नाही. आणि उष्णतेचा त्याच्या संपृक्ततेवर फारसा परिणाम होत नाही. तोटा आहेच. गाभ्यात वाया जाणारी शक्ती फेराइटपेक्षा जास्त, आणि आमची डबी दिवसाचा बराचसा वेळ झोपलेली असते, त्यामुळे झोपेतल्या खर्चाची मला धास्ती होती. आम्ही तो मोजला. कन्व्हर्टर झोपेत ठोके गाळत जातो, त्यामुळे फरक पडला पण सोलर पॅनेलला जाणवेल इतका नाही.

मॅडमची निवडीची पद्धत इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरसारखी नाही. कॅल्क्युलेटर व्होल्ट विचारतो, करंट विचारतो, लहर तीस टक्के धरतो आणि मायक्रोहेन्री काढून देतो. तो तीस टक्क्यांचा आकडा म्हणजे रीत आहे, नियम नव्हे. वीस ते चाळीसमध्ये कुठेही चालतं, आणि आठ-नऊ मायक्रोहेन्री आले की लोक दहा घेतात कारण दहा मिळतो. त्या म्हणाल्या, मायक्रोहेन्री शेवटी बघ. आधी चिपची मर्यादा बघ. आमच्या चिपची ३.२ होती, आणि पार्टागणिक ती थोडी वर-खाली असू शकते. म्हणून इंडक्टर ३.२ च्याही वर भरायला हवा, लोडच्या २.२७ च्या नव्हे. कारण चालू होताना, तार ओली होऊन शॉर्ट झाल्यावर, मोडेम वेडावल्यावर करंट चिपच्या मर्यादेपर्यंत जातोच, आणि तिथे इंडक्टर शाबूत असेल तरच चिप त्याला आवरू शकते. मग आलेख बघ, तक्ता नको. करंट आडव्या रेषेवर, इंडक्टन्स उभ्या. जी कंपनी तापमानागणिक वेगळी वक्ररेषा देते तिचा पार्ट घे, जी नुसता एक आकडा देते तिचा आपणच मोजून बघितल्याशिवाय नको. मग रोध. मायक्रोहेन्री सगळ्यात शेवटी.

तिसरा घेतला. २० टक्के घटीला ४.५ अँपिअर. ड्रायर लावला, त्रिकोण सरळ राहिले. मग चार डब्या ऑफिसच्या गच्चीवर दोन आठवडे ठेवल्या, टॉवर लांब आहे असं मोडेमला वाटावं म्हणून अँटेनाच्या जागी एक रोध लावून. निरोप चुकला नाही. एकशेचाळीस बोर्ड बागांमधून परत आणून त्यावरचा इंडक्टर बदलायला नोव्हेंबर संपला. त्या मोसमाला त्याचा उपयोग अर्धाच झाला. काकांनी पुढच्या वर्षीही डबी ठेवली, भाडं मात्र कमी करून घेतलं. त्यांचं बरोबर होतं.

खरेदीच्या एक्सेलमध्ये आता इंडक्टरसाठी चार रकाने आहेत. तो माणूस वाईट नव्हता. त्याला एकच रकाना दिला होता.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा दोन मोल्डेड इंडक्टर खिशात होते. आईने एक हातात घेऊन उजेडाकडे धरला. फट कुठेय, तिने विचारलं. पुडीतच आहे म्हटलं, सगळीकडे. मग मीटर लावून कमी-जास्त कसा करायचा? नाही करता येत, आला तसा लावायचा. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरातून पक्कड आणली, चष्मा लावला आणि एक कोपरा कटकन तोडला. काळी पूड ताटलीत सांडली. आत तांब्याची गुंडाळी निघाली, स्वच्छ.

"तार चपटी आहे गं," ती म्हणाली. मग सुईच्या टोकाने वेढे मोजायला लागली. साडेतेरा भरले. हा अर्धा कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तिने मान वर न करता दोन्ही पाय दाखवले. एक या बाजूला, एक त्या बाजूला. "तेरा भरले तर दोन्ही टोकं एकाच बाजूला नाही का निघणार?"